पगार क्लबचा, सही खेळाडूची: वेंडेल स्मिथ आणि जॅकी रॉबिन्सनचे १९४७

एप्रिल १९४७. फिलाडेल्फिया फिलीज हा बेसबॉल संघ ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध खेळायला आला होता. फिलीजचा मॅनेजर बेन चॅपमन आणि त्याच्या बाकावरचे खेळाडू यांनी ती सगळी मालिका जॅकी रॉबिन्सनला शिवीगाळ करण्यात घालवली. त्याचा रंग, त्याचे ओठ, त्याची जात, काही म्हणजे काही सोडले नाही. आठवडाभर आधी, १५ एप्रिलला, रॉबिन्सन डॉजर्सकडून मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलच्या, मैदानात उतरला होता. विसाव्या शतकात असे उतरणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

त्या मालिकेनंतर ‘पिट्सबर्ग कुरियर’ या साप्ताहिकात रॉबिन्सनच्या नावाने चालणाऱ्या स्तंभात त्या प्रकाराचा उल्लेख आला. सूर शांत होता. फिलीजवाले जे ओरडले ते मी इतर बाकांवरूनही ऐकले आहे, मायनर लीगमध्ये (खालच्या पातळीच्या स्पर्धांत) ते जसे वाटायचे तसेच इथेही वाटते, मला त्याची काळजी नाही, असा आशय. मग १९७२ साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, रॉबिन्सनचे आत्मचरित्र आले. त्यात तो लिहितो की त्या दिवशी तो आयुष्यात कधी नव्हता इतका कोसळायच्या बेतात होता. सगळा प्रयोग झुगारून द्यावा, त्या बाकावर चालत जावे आणि त्यातल्या एखाद्याचे दात पाडावेत, असे त्याच्या मनात येऊन गेले.

माणूस एक, प्रसंग एक, दोन्ही मजकूर ‘मी’ म्हणून लिहिलेले, आणि दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक. पहिल्या मजकुरामागची लेखणी वेंडेल स्मिथची होती. स्मिथ कुरियरचा क्रीडा पत्रकार. त्याच काळात तो ब्रुकलिन क्लबकडूनही पगार घेत होता, दौऱ्यावर रॉबिन्सनच्याच खोलीत राहत होता आणि ज्या घडामोडीची बातमी देत होता ती घडवून आणण्यात त्याचा स्वतःचा हात होता. क्रीडा पत्रकारितेतल्या हितसंबंधांवर इतके भरलेले दुसरे प्रकरण मला माहीत नाही. त्याचा निकाल चटकन लागत नाही, म्हणूनच ते तपशिलात पाहायला हवे.

पिचर व्हायचे होते

स्मिथचा जन्म १९१४ चा, डेट्रॉईटचा. वडील हेन्री फोर्ड यांच्याकडे स्वयंपाकी होते. शाळेत गोऱ्या मुलांत वावरणारा हा एकटा काळा मुलगा बेसबॉलमध्ये चांगलाच तरबेज होता. १९३३ च्या सुमारास एका महत्त्वाच्या सामन्यात त्याने पिचिंग, म्हणजे चेंडूफेक, करून संघाला १-० असा विजय मिळवून दिला. सामना बघायला डेट्रॉईट टायगर्स या मेजर लीग संघासाठी नवे खेळाडू हेरणारे स्काऊट विश इगन आले होते. त्यांनी स्मिथच्याच संघाचा कॅचर माईक ट्रेश याला हेरले आणि प्रतिस्पर्धी पिचरलाही. स्मिथला मात्र सांगितले की तुलाही घ्यायला आवडले असते, पण घेता येत नाही. ट्रेश पुढे मेजर लीगमध्ये अनेक वर्षे खेळला. स्मिथ वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजात गेला, तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्रात लिहू लागला आणि १९३७ मध्ये पदवी घेऊन आठवड्याला १७ डॉलरवर कुरियरमध्ये रुजू झाला.

हा दरवाजा ज्या तऱ्हेने बंद झाला तो स्मिथ कधीच विसरला नाही, हे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. म्हणजे त्याच्या पत्रकारितेला पहिल्या दिवसापासून एक उद्दिष्ट होते आणि ते त्याने लपवले नाही. तटस्थ निरीक्षक असल्याचा दावा त्याने केलाच नव्हता. त्याच्या पुढच्या वागण्याला लावायच्या मापात हे आधी धरले पाहिजे.

कुरियर हे काही कोपऱ्यातले पत्रक नव्हते. देशभरातल्या कृष्णवर्णीय वाचकांपर्यंत जाणारे ते सर्वांत मोठे साप्ताहिक होते आणि चाळीसच्या दशकात त्याचा खप लाखांमध्ये होता. तरीही त्याच्या क्रीडा पत्रकाराला बेसबॉल पत्रकार संघटनेने कार्ड नाकारले. कार्ड नाही म्हणजे प्रेस बॉक्स नाही, खेळाडूंपर्यंत हक्काने जाता येत नाही. स्मिथने यातून वाट काढली. पिट्सबर्गला खेळायला येणारे नॅशनल लीगचे (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) संघ फोर्ब्ज फील्ड मैदानाजवळच्या शेनली हॉटेलात उतरत. १९३९ च्या हंगामात त्याने तिथे जाऊन एकेका संघाचे खेळाडू आणि मॅनेजर गाठले आणि सगळ्यांना एकच गोष्ट विचारली: कृष्णवर्णीय खेळाडू संघात आले तर तुमची हरकत आहे का? लीगचे आठही मॅनेजर आणि चाळीसेक खेळाडू बोलले, आणि बहुतेकांनी हरकत नसल्याचे सांगितले. क्लबमालक वर्षानुवर्षे म्हणत आले होते की आमचे काही नाही हो, खेळाडूच ऐकणार नाहीत. ती सबब स्मिथने खेळाडूंच्याच तोंडून नावानिशी खोडून काढली. बातमीदारी म्हणून हे काम आजही पहिल्या दर्जाचे ठरेल. कार्डधारक पत्रकारांपैकी हे कोणाला सुचले नव्हते, किंवा सुचूनही त्यांनी केले नव्हते.

बॉस्टनहून परतताना

१९४५ मध्ये स्मिथ बातमी देण्याच्या पुढे सरकला. बॉस्टनचे नगरसेवक इसाडोर मचनिक यांनी रविवारच्या सामन्यांच्या परवान्याचा प्रश्न पुढे करून रेड सॉक्स क्लबवर दबाव आणला होता की कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घ्या. स्मिथने त्यांच्याशी संधान बांधले आणि कृष्णवर्णीयांच्या संघांतून तीन खेळाडू निवडले: कॅन्सस सिटी मोनार्क्सचा जॅकी रॉबिन्सन, क्लीव्हलँड बकाईजचा सॅम जेथ्रो आणि फिलाडेल्फिया स्टार्सचा मार्विन विल्यम्स. खर्च कुरियरने उचलला. १६ एप्रिलला फेनवे पार्कवर चाचणी झाली, वयोवृद्ध प्रशिक्षक ह्यू डफी यांनी कौतुक केले, अर्ज भरून घेतले आणि पुढे काहीही झाले नाही. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला तो १९५९ मध्ये, मेजर लीगमधल्या सगळ्या संघांत सर्वांत शेवटी.

बॉस्टनहून परतताना स्मिथ ब्रुकलिनला ब्रँच रिकी यांना भेटायला थांबला. डॉजर्सचे हे सर्वेसर्वा तेव्हा कृष्णवर्णीयांची एक नवी लीग काढण्याची भाषा करत होते आणि त्या आडून स्काऊट पाठवत होते. या तिघांपैकी कोणी मेजर लीगमध्ये टिकेल का, असे त्यांनी विचारले. स्मिथने रॉबिन्सनचे नाव घेतले. त्यानंतर दोघांच्या फोनवरच्या बोलण्यात रॉबिन्सनचे नाव येत नसे, ‘पश्चिमेकडचा तो तरुण’ एवढाच उल्लेख होई. २८ ऑगस्टला रिकी आणि रॉबिन्सन यांची भेट झाली आणि २३ ऑक्टोबरला डॉजर्सच्या मायनर लीग संघाशी, मॉन्ट्रियल रॉयल्सशी, कराराची घोषणा. ६०० डॉलर महिना, ३,५०० डॉलर बोनस.

या मधल्या आठवड्यांत अमेरिकन खेळाच्या इतिहासातली कदाचित सर्वांत मोठी बातमी स्मिथच्या खिशात होती. कुरियरमध्ये आले ते जाणकाराला सुगावा लागेल इतपतच. संपादकाला आणि वाचकांना जे देणे लागत होता ते त्याने रोखून धरले, कारण बातमी फुटली असती तर कदाचित करारच झाला नसता. मला त्याचा हा निर्णय बरोबर वाटतो. युद्धाच्या किंवा ओलीस-सुटकेच्या बातमीत संपादक आजही असे थांबतात. मात्र एकदा थांबण्याची सवय लागली की पुढची पायरी सोपी होते, आणि स्मिथ ती चढला.

ते पत्र

जानेवारी १९४६ मध्ये रिकी यांनी स्मिथला पत्र लिहिले. रॉबिन्सन आणि त्याच्यासोबत घेतलेला पिचर जॉन राईट फ्लॉरिडातल्या सराव शिबिराला येणार होते. त्यांची राहण्याची सोय पाहावी आणि दोघांवर लक्ष ठेवावे, अशी विनंती होती. यांच्यापैकी कोणी काही भलतेसलते बोलून बसला किंवा करून बसला तर फार नुकसान होईल, ही काळजी रिकी यांनी पत्रात उघडपणे मांडली होती. स्मिथने आनंदाने होकार कळवला. क्लब त्याला आठवड्याला ५० डॉलर देणार होता, म्हणजे कुरियर जेवढे देत होते साधारण तेवढेच.

पत्रातली काळजी नीट पाहिली की या नोकरीचे स्वरूप कळते. खोली शोधणे, जेवणाची सोय, मोटार, हे सगळे होतेच, आणि ते क्षुल्लक नव्हते. सॅनफर्डमध्ये शिबिर सुरू होऊन दोनच दिवस झाले होते, तोवर गावातून निरोप आला की काळ्या खेळाडूंना रात्रीच्या आत इथून हलवा. स्मिथ आणि कुरियरचा छायाचित्रकार बिली रो यांनी दोन्ही खेळाडूंना सामान भरायला लावले आणि मोटारीतून डेटोना बीचला नेले. नवविवाहित रेचल रॉबिन्सनही सोबत होती. पुढे जॅक्सनव्हिलला मैदानच बंद ठेवले गेले आणि डीलंडला दिवसाचा सामना ‘दिवे नादुरुस्त’ म्हणून रद्द झाला. स्मिथसारखा माणूस बरोबर नसता तर या नवरा-बायकोला कोणत्या गावात कोणाचे दार वाजवायचे हेही कळले नसते. पण ‘भलतेसलते बोलू नये’ ही जी दुसरी बाजू होती, तीत खेळाडूच्या तोंडावर नजर ठेवण्याचे काम होते आणि ते काम एका पत्रकाराकडे दिले गेले होते. ज्याने बोलते करायचे त्यालाच गप्प ठेवण्याचे मोल मिळत होते.

कोणाचा आवाज?

१९४७ च्या हंगामात ‘जॅकी रॉबिन्सन सेज’ हा स्तंभ कुरियरमध्ये चालला. खेळाडूच्या नावाने पत्रकाराने लिहिणे तेव्हा सर्रास चाले. आपल्याकडेही क्रिकेटपटूंच्या नावाचे स्तंभ कोण लिहितो हे वर्तमानपत्रांच्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक असते. तेवढ्यावरून स्मिथला दोष देण्यात अर्थ नाही. वेगळेपण इतकेच की या स्तंभात तिघांचे हितसंबंध गुंतले होते. रिकी यांना शांतता हवी होती. तीन वर्षे उलट उत्तर द्यायचे नाही, अशी अट त्यांनी रॉबिन्सनला घातली होती. कुरियरला आपल्या वाचकांना धीर द्यायचा होता, आणि मैदानात प्रेक्षकांनीही शिस्तीत राहावे म्हणून ते वृत्तपत्र सतत लिहीत होते. रॉबिन्सनला खेळायचे होते. तिघांनाही सोयीचा आवाज म्हणजे समंजस, कृतज्ञ, हसतमुख रॉबिन्सन. स्मिथने तो तयार केला.

चॅपमनच्या प्रकरणात याचा परिणाम काय झाला ते पाहा. त्या शिव्यांचा पुकारा करणारे इतर लोक होते. काही प्रेक्षकांनी तक्रार केली, गोऱ्या वृत्तपत्रांतल्या काहींनीही लिहिले. सोसणाऱ्याचा स्वतःचा शब्द मात्र छापला गेला तो ‘मला काही वाटले नाही’ असा. मे महिन्यात सेंट लुईस कार्डिनल्सच्या काही खेळाडूंनी रॉबिन्सनविरुद्ध संप करण्याचा घाट घातल्याची खळबळजनक बातमी आली, तीही ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’च्या स्टॅनली वुडवर्ड यांनी दिली. रॉबिन्सनच्या सर्वांत जवळ असलेला पत्रकार त्या वर्षीचे सर्वांत कडवट सत्य सांगू शकत नव्हता, आणि त्याचे कारण तो जवळ होता हेच.

स्मिथच्या बाजूने जे म्हणता येते ते वजनदार आहे. ज्या संघटनेचे नियम मोडल्याबद्दल आपण त्याला बोलणार, तिने त्याला दारात उभे केले नव्हते. तटस्थता पाळणारे कार्डधारक पत्रकार दशकानुदशके कृष्णवर्णीय खेळाडूंवरच्या एका अलिखित बंदीवर गप्प बसले होते, आणि त्या गप्प बसण्याला कोणी हितसंबंध म्हटले नाही. क्लबही त्यांना काही कमी पोसत नव्हते: त्या काळात दौऱ्यावरच्या पत्रकारांचा रेल्वे आणि हॉटेलचा खर्च क्लबनेच करण्याची पद्धत होती. स्मिथचे ५० डॉलर त्या पार्श्वभूमीवर पाहिले की निराळे दिसतात. शिवाय १९४७ मध्ये ‘मी कोसळायच्या बेतात आहे’ असे रॉबिन्सनच्या नावाने छापून आले असते, तर बघा आम्ही म्हणत होतो, यांच्याने हे निभणार नाही, असे म्हणायला अर्धा देश टपलेलाच होता.

हे सगळे मान्य करूनही माझे मत असे आहे की स्तंभ आणि पगार या दोन गोष्टी एकाच हातात असायला नको होत्या. सोबत राहणे, खोल्या शोधणे, बातमी रोखणे, तिन्ही समजू शकतात. पण ज्या वाचकांसाठी स्मिथ झगडत होता तेच कुरियरचे वाचक, आणि त्यांना हे कधी सांगितले गेले नाही की तुमच्या नायकाच्या नावाने लिहिणारा माणूस क्लबच्या पगारपत्रकावर आहे. त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतःच्या कामाच्या जागी तसलेच बोल रोज सोसले असतील. त्यांच्यापुढे जो आदर्श ठेवला गेला त्याला मुळी दुखतच नव्हते. रॉबिन्सनला मात्र दुखत होते. ते कळायला वाचकांना वर्षानुवर्षे थांबावे लागले.

दुरावा

मैदानावर निकाल स्वच्छ लागला. पहिल्या हंगामात फलंदाजीची .२९७ ची सरासरी, लीगमध्ये सर्वाधिक २९ चोरलेले बेस (प्रतिस्पर्ध्याला चकवून पळत गाठलेला पुढचा टप्पा), आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान. १९४८ मध्ये रॉबिन्सनचे पहिले आत्मचरित्र आले, तेही स्मिथनेच शब्दांकित केलेले. त्याच सुमारास पत्रकार संघटनेचे दार उघडले आणि सॅम लेसी व वेंडेल स्मिथ तिच्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्यांत आले. स्मिथ शिकागोच्या ‘हेरल्ड-अमेरिकन’ या गोऱ्या मालकीच्या दैनिकात गेला, तिथे मुख्यतः मुष्टियुद्धावर लिहू लागला आणि कुरियरमधला स्तंभही चालू ठेवला.

१९४९ मध्ये रिकी यांनी गप्प राहण्याची अट उठवली. रॉबिन्सन बोलू लागला, भांडू लागला, आणि शिबिरातल्या एका वादाच्या बातम्या आल्यावर पत्रकारांवरही चिडला. त्यावर स्मिथने कुरियरमध्ये जे लिहिले ते वाचताना आजही अवघडायला होते. मिस्टर रॉबिन्सन यांची स्मरणशक्ती आखूड होत चालली आहे, ज्या पत्रकारांनी त्यांना हात दिला त्यांचा त्यांना विसर पडला आहे, असा त्याचा रोख. त्या वर्षी रॉबिन्सन .३४२ च्या सरासरीने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो स्वतःच्या आवाजात बोलू लागला आणि ज्याने इतकी वर्षे त्याचा आवाज लिहिला त्यालाच तो खटकला. मला यात दुष्टावा दिसत नाही. उपकाराचा हिशेब मैत्रीत शिरला की असे होते, आणि हा हिशेब रिकी यांच्या पत्रापासून चालू होता.

रॉबिन्सनने पुढे बातमीची किंमत चांगलीच ओळखली. निवृत्तीची बातमी त्याने ‘लुक’ या नियतकालिकाला ५०,००० डॉलरला विकली होती. जानेवारी १९५७ मध्ये ती बाहेर आली तेव्हा रोजचे बेसबॉल पत्रकार खवळले. १९५९ पासून तो ‘न्यूयॉर्क पोस्ट’मध्ये नियमित स्तंभ लिहू लागला, त्यात राजकारण आणि नागरी हक्क हेच मुख्य विषय. १९६० च्या निवडणुकीत निक्सन यांच्या बाजूने उभा राहिल्यावर तो स्तंभ संपला. मग ‘न्यूयॉर्क ॲमस्टरडॅम न्यूज’. या स्तंभांनाही शब्दांकनकार होते, पण विचार कोणाचे याबद्दल शंका उरत नव्हती. खेळाडूच्या नावाचा स्तंभ पारदर्शकपणे कसा चालतो याचे हे उदाहरण, आणि ते त्याच माणसाच्या नावावर आहे.

१९६१, तेच फ्लॉरिडा

स्मिथचे वजन ठरवायला मला १९४७ पेक्षा १९६१ चे लेखन जास्त उपयोगी वाटते. रॉबिन्सन आल्याला चौदा वर्षे झाली होती, संघासंघांत कृष्णवर्णीय तारे होते, आणि तरीही वसंतातल्या सराव शिबिरासाठी फ्लॉरिडात गेले की गोरे खेळाडू हॉटेलात आणि काळे खेळाडू गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी घरी, असे अजून चालूच होते. जानेवारी १९६१ मध्ये शिकागोच्या आपल्या दैनिकात स्मिथने यावर लेखांची मालिका सुरू केली. मैदानात हजारोंच्या टाळ्या घेणाऱ्या माणसाला संघाच्या हॉटेलात पाऊल टाकता येत नाही, कुटुंब बरोबर नेता येत नाही, हे त्याने आठवड्यामागून आठवडे लिहिले. बोलणाऱ्या खेळाडूंना त्रास होऊ नये म्हणून तक्रारी कोणाच्या नावावर न घालता सर्वांच्या म्हणून मांडल्या. त्याच महिन्यात फ्लॉरिडातल्याच सेंट पीटर्सबर्गचे डॉ. राल्फ विम्बिश यांनी जाहीर केले की काळ्या खेळाडूंची वेगळी सोय करायला आपण यापुढे मदत करणार नाही. शिकागो व्हाईट सॉक्सने पुढे सारासोटातले एक हॉटेल विकतच घेतले, म्हणजे सगळा संघ एका छपराखाली राहील.

१९४६ मध्ये याच राज्यात खोल्या शोधत फिरणारा, सॅनफर्डमधून रातोरात निघणारा माणूस हा. तेव्हा त्याने ती वेगळी व्यवस्था मुकाट्याने चालवली, कारण तेच त्याचे काम होते. आता त्याच व्यवस्थेवर तो उघड तुटून पडला. काळ बदलला होता हे खरे, चळवळ उभी होती हेही खरे. पण आता तो कोणत्याही क्लबचा नोकर नव्हता आणि कोणाच्या नावाने लिहीतही नव्हता. खेळाडूंचे दुःख सौम्य न करता छापण्याची त्याची ताकद इथे पूर्ण दिसते, आणि १९४७ च्या स्तंभात ती का दिसली नाही याचे उत्तरही इथेच मिळते.

१९६४ मध्ये तो शिकागोच्या डब्ल्यूजीएन वाहिनीवर क्रीडावृत्त देऊ लागला. २४ ऑक्टोबर १९७२ ला रॉबिन्सन गेला तेव्हा स्मिथ स्वतः कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला होता. त्याने रॉबिन्सनवर मृत्युलेख लिहिला. २६ नोव्हेंबरला तोही गेला, वय ५८. बेसबॉल लेखनाचा सर्वोच्च सन्मान त्याला १९९३ चा, मरणोत्तर मिळाला आणि तो मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पत्रकार ठरला. त्या पुरस्काराला नाव होते जे. जी. टेलर स्पिंक यांचे. याच स्पिंक यांच्या ‘स्पोर्टिंग न्यूज’ने १९४२ मध्ये संपादकीय लिहून वर्णाचा प्रश्न उकरण्यात कोणाचेच भले नाही असे बजावले होते. २०२१ मध्ये संघटनेने पुरस्कारावरून ते नाव काढले.

रिकी यांची ती पत्रे, स्वतःच्या उत्तरांच्या प्रतींसह, स्मिथने जपून ठेवली होती. पत्नी वायोनेला यांनी त्याचे कागद कूपरस्टाऊनच्या हॉल ऑफ फेम या बेसबॉल संग्रहालयाला दिले. पगाराचा आकडा, लक्ष ठेवण्याची विनंती, आनंदाने दिलेला होकार, हे सारे आज आपल्याला माहीत आहे ते त्या कागदांमुळे.